दर सहा महिन्यांनी पीयूसीत अडकणारी जुनी पेट्रोल गाडी : दोष नेमका कुठे शोधावा

जुनी पेट्रोल मोटार बाळगणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते. पीयूसीची मुदत संपत आली की गाडी केंद्रावर नेली जाते, यंत्रावर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा मर्यादेच्या वर दिसतो, शेजारच्या गॅरेजमधला मिस्त्री स्क्रूड्रायव्हर घेऊन कार्ब्युरेटरचा (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाचा) मिक्स्चर स्क्रू थोडा आत फिरवतो, दुसऱ्या चाचणीत गाडी पास होते आणि दाखला हातात पडतो. चार दिवसांनी गाडी सकाळी लवकर चालू होत नाही, सिग्नलला बंद पडते, पहिल्या गिअरमध्ये झटके देते. मग तोच स्क्रू पुन्हा बाहेर फिरवला जातो आणि सहा महिन्यांनी हाच क्रम नव्याने सुरू होतो. थर्मामीटर गार पाण्यात बुडवून ताप उतरला असे सांगावे, तसा हा प्रकार आहे. ज्या कारणाने इंजिनात पेट्रोल जास्त जात होते ते कारण जागेवरच असते. स्क्रूने फक्त आयडलिंगपुरते, म्हणजे गाडी उभी ठेवून इंजिन चालू असतानापुरते, पेट्रोल तोडलेले असते. म्हणून पान्याला हात लावण्याआधी यंत्राचे आकडे वाचायला शिकावे, कारण दोष कोणत्या बाजूला आहे हे ते आकडे बऱ्याच अंशी सांगतात.

आपल्या गाडीला लागू मर्यादा कोणती?

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ११५ प्रमाणे, भारत स्टेज २ (धुराच्या सरकारी मानकांचा एक टप्पा) च्या आधीच्या चारचाकी पेट्रोल गाडीला आयडलिंगच्या वेळी कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएम (दहा लाख भागांत १५०० भाग) इतकी मुभा आहे. भारत स्टेज २ आणि ३ च्या गाड्यांना ही मर्यादा ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम, तर स्टेज ४ च्या गाड्यांना ०.३ टक्के आणि २०० पीपीएम आहे. स्टेज ४ च्या गाड्यांची शिवाय मिनिटाला २५०० फेऱ्यांच्या आसपास इंजिन धरून लॅम्डा चाचणीही (हवा आणि पेट्रोल यांच्या प्रमाणाची) होते. स्टेज ३ पर्यंतच्या गाड्यांचा दाखला सहा महिने चालतो, स्टेज ४ पासून पुढच्यांचा वर्षभर.

गोंधळ होतो तो गाडी कोणत्या स्टेजची हे ठरवताना. ही मानके सगळीकडे एकाच दिवशी आली नाहीत. भारत स्टेज ३ एप्रिल २००५ मध्ये मुंबई-पुण्यासह मोजक्या शहरांत आले आणि बाकीच्या देशात २०१० मध्ये. स्टेज ४ एप्रिल २०१० मध्ये मुंबई, पुणे, सोलापूर धरून १३ शहरांत आले आणि देशभर २०१७ मध्ये. त्यामुळे २०११ साली सोलापुरात नोंदलेली गाडी स्टेज ४ ची असते, पण त्याच वर्षी साताऱ्यात नोंदलेली तशीच गाडी स्टेज ३ ची असू शकते. केंद्रचालकाने यंत्रात चुकीचे मानक निवडले तर निरोगी गाडीही नापास होते, तेव्हा नोंदणी पुस्तकातील नोंद आणि छापील पावतीवरचे मानक आधी ताडून पाहावे. सीएनजी किट असेल तर इंधनाचा रकानाही पाहावा. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीच्या धुरात न जळलेला मिथेन असतो, म्हणून नियमाप्रमाणे हायड्रोकार्बनच्या मोजमापाला ०.३ ने गुणून मग तुलना होते. केंद्रचालकाने नुसते पेट्रोल निवडले तर हा आकडा विनाकारण फुगलेला दिसतो.

एक मत येथेच नोंदवतो. १९९८ सालच्या कार्ब्युरेटरच्या गाडीला असलेली ३ टक्क्यांची मर्यादा बरीच सैल आहे. नीट जुळवलेली अशी गाडी त्याहून बरीच खाली चालते. ती ३ टक्के ओलांडत असेल तर प्रश्न जुळवणीचा नाही, काहीतरी बिघडले आहे असेच समजावे.

आकडे काय सांगतात

कार्बन मोनॉक्साइड तयार होतो तो पेट्रोल जास्त आणि हवा कमी पडल्यामुळे. हायड्रोकार्बन म्हणजे अजिबात न जळता सायलेन्सरपर्यंत पोहोचलेले पेट्रोल, किंवा काही वेळा इंजिन खात असलेले ऑइल. एवढे ध्यानात ठेवले की पुढची वाट सोपी होते. कार्बन मोनॉक्साइड जास्त आणि हायड्रोकार्बन बेताचा असेल, तर मिश्रण रिच आहे, म्हणजे त्यात हवेच्या मानाने पेट्रोल जास्त आहे. शोध पेट्रोलच्या बाजूने घ्यावा. कार्बन मोनॉक्साइड कमी पण हायड्रोकार्बन मर्यादेबाहेर असेल, तर एखादा सिलिंडर मिसिंग करतो आहे, म्हणजे त्यातले मिश्रण नीट पेटत नाही, मग ते ठिणगीच्या दोषाने असो, कुठून तरी हवा ओढली गेल्याने असो वा वॉल्व्ह गळत असल्याने असो. अशा गाडीचा मिक्स्चर स्क्रू आणखी आत फिरवणे म्हणजे मिसिंग वाढवणे होय, आणि नेमके तेच सर्रास केले जाते. दोन्ही आकडे चढलेले असतील तर बहुधा मिश्रण इतके रिच आहे की प्लगवर काजळी बसून ठिणगीही कमजोर झाली आहे. तेव्हा आधी पेट्रोलचा दोष काढावा, मग प्लग बदलावेत. उलट क्रमाने गेल्यास नवे प्लग आठवड्याभरात काळे होतात.

बहुतेक पावत्यांवर एवढेच दोन आकडे ठळक असतात, परंतु चार वायू मोजणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजनही दिसतात. केंद्रचालकाला विनंती करून तेही लिहून घ्यावेत. इंजिन नीट जळत असेल तर कार्बन डायऑक्साइड १३ ते १५ टक्क्यांच्या आसपास राहतो आणि ऑक्सिजन दीड-दोन टक्क्यांच्या आत. ऑक्सिजन पाच-सहा टक्के दाखवत असेल आणि इंजिन मात्र गुळगुळीत चालत असेल, तर सायलेन्सरला किंवा त्याच्या जोडाला भोक पडले आहे आणि बाहेरची हवा मिसळते आहे, किंवा यंत्राची नळी पुरेशी आत गेलेली नाही. ती नळी निदान फूटभर आत जायला हवी. कोकणातल्या आणि गोव्यातल्या खाऱ्या हवेत सायलेन्सर आतून लवकर गंजतो, त्यामुळे तिकडच्या गाड्यांचा हा भाग आधी तपासलेला बरा.

कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल जास्त का जाते

जुन्या मारुती ८०० चेच उदाहरण घेऊ, कारण या गाड्या आजही तालुक्याच्या गावांत रोजच्या वापरात दिसतात आणि २००० च्या सुमाराला एमपीएफआय (संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारणारी यंत्रणा) येईपर्यंत त्या कार्ब्युरेटरवरच होत्या. या गाडीत चोक, म्हणजे थंड इंजिन चालू करताना हवा कमी करणारी झडप, हाताने ओढायचा असतो. डॅशबोर्डवरची मूठ आत ढकलली की चोक सुटला असे आपण समजतो, पण वर्षानुवर्षांच्या गंजाने केबल आवरणात अडकते, मूठ आत जाते आणि कार्ब्युरेटरच्या तोंडावरची झडप पूर्ण उघडतच नाही. एअर फिल्टरचे झाकण काढून, मूठ आत असताना टॉर्चने वरून पाहावे. इंजिन गरम असूनही झडप सरळ उभी न राहता किंचित तिरपी राहत असेल तर तेवढ्यानेही कार्बन मोनॉक्साइड वाढतो. केबलचा क्लॅम्प सैल करून झडप हाताने पूर्ण उघडावी आणि त्या स्थितीत क्लॅम्प पुन्हा आवळावा. खर्च शून्य.

झाकण उघडलेच आहे तर आणखी एक पाहणी करून घ्यावी. गरम इंजिन बंद करून मिनिटभर कार्ब्युरेटरच्या घशात पाहत राहावे. ठिणगी, सिगारेट वगैरे अर्थातच जवळ नको. मधल्या नळीतून पेट्रोलचा थेंब ओघळताना दिसला तर फ्लोटची (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) सुई बसत नाही, किंवा फ्लोटची पातळी वर आहे. गाडी गरम असताना पुन्हा चालू करायला त्रास देते, त्या वेळी पेट्रोलचा वास येतो आणि ॲव्हरेजही पडलेले असते, ही सगळी लक्षणे याच दोषाची. सुई आणि तिची सीट जोडीने बदलावी. नुसती सुई बदलली तर जुन्या सीटवर पडलेली खाच नव्या सुईलाही बसू देत नाही. पॅकिंग किटमध्ये येणारे जेट (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोट्या) मात्र डोळे मिटून बसवू नयेत. त्यावरचा क्रमांक जुन्या जेटशी जुळवून पाहावा, आणि मूळ जेट शाबूत असेल तर तोच धुऊन परत वापरावा. जेट तारेने टोकरला की भोक मोठे होते, आणि मग स्क्रू कितीही फिरवला तरी उपयोग होत नाही.

महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत पेट्रोल उडून जाऊन त्याचा चिकट थर हवेच्या बारीक छिद्रांत बसतो. हवेचे छिद्र बुजले की त्याच जेटमधून जास्त पेट्रोल ओढले जाते. अशा वेळी कार्ब्युरेटर उतरवून, पूर्ण उघडून, कार्ब क्लीनरने धुणे आणि प्रत्येक वाटेतून कॉम्प्रेसरची हवा मारणे याला पर्याय नाही. वरून फवारा मारून भागवण्यात अर्थ नसतो. आता मिळणाऱ्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने यात भर घातली आहे. इथेनॉल टाकीतला जुना गाळ सोडवून पुढे आणते, पाणी ओढते, आणि जुन्या धर्तीच्या रबराच्या नळ्या, ओ-रिंग व डायफ्रॅम खराब करते. त्यामुळे इंधनाच्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घालून घ्याव्यात आणि पहिले काही महिने इंधन फिल्टर लवकर बदलावा. याची दुसरी बाजूही आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्याने कार्ब्युरेटरच्या गाडीचे मिश्रण आपोआप थोडे लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) होते, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड उतरायला मदतच होते. तरीही तो आकडा चढलेला असेल तर दोष मोठा आहे. आणि हायड्रोकार्बन चढलेला असेल तर मिश्रण मुळात लीन असताना स्क्रूने आणखी लीन केले गेले आहे का, हे पाहावे.

सहसा कोणी पाहत नाही अशी जागा म्हणजे इंजिन ऑइल. पेट्रोल बराच काळ जास्त जात राहिले की त्यातले काही सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळते. इंजिन तापले की तेच पेट्रोल वाफ होऊन ब्रीदर नळीतून (इंजिनाच्या आतल्या वाफा बाहेर नेणाऱ्या नळीतून) पुन्हा कार्ब्युरेटरमध्ये येते, आणि कार्ब्युरेटर दुरुस्त करूनही आकडा उतरत नाही. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतो का पाहावे. खात्री हवी असेल तर यंत्र लावलेले असताना ब्रीदर नळी एअर क्लीनरपासून सोडवून तिकडचे तोंड बुजवावे. कार्बन मोनॉक्साइड ठळकपणे खाली आला तर ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलल्याशिवाय पुढची जुळवणी करू नये.

हायड्रोकार्बन एकटाच चढत असेल तर

येथे कामाला सुरुवात प्लग उघडून करावी, आणि कोणता प्लग कोणत्या सिलिंडरचा ते लक्षात ठेवावे. सगळे प्लग सारखेच काळे असतील तर मिश्रणाचा दोष. एकच काळा किंवा ओलसर असेल तर त्या सिलिंडरपुरता ठिणगीचा किंवा कॉम्प्रेशनचा दोष. ओलावा तेलकट असेल तर वॉल्व्हचे सील किंवा रिंगा. प्लगच्या वायरींची परीक्षा रात्री अंधारात, बॉनेट उघडून, इंजिन चालू ठेवून करावी: चिरलेल्या वायरीवर आणि डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीवर निळसर ठिणग्या सरपटताना डोळ्यांना दिसतात. पावसाळ्यात नापास होणाऱ्या आणि उन्हाळ्यात पास होणाऱ्या गाडीत तर हीच जागा आधी तपासावी. सीबी पॉइंट (ठिणगीसाठी विजेचा प्रवाह तोडणारे संपर्क) असलेल्या गाडीत पॉइंट घासले की टायमिंगही, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळही, सरकते, म्हणून गॅप जुळवल्यावर टायमिंग लाइटने तपासणी व्हायलाच हवी. कानाने ऐकून टायमिंग पुढे ओढण्याची सवय पिकअपला बरी वाटते, परंतु हायड्रोकार्बन वाढवते.

इंजिन कुठून हवा घेते का हे पाहण्यासाठी मॅनिफोल्डवरून (सिलिंडरांकडे मिश्रण नेणाऱ्या नळीवरून) निघणारी प्रत्येक रबरी नळी एकेक करून पक्कडीने दाबावी, ब्रेक बूस्टरची आणि डिस्ट्रिब्यूटरच्या व्हॅक्यूम ॲडव्हान्सचीही. जी दाबल्यावर आयडलिंग एकदम सुधारते, त्या नळीत किंवा तिच्या टोकाच्या डायफ्रॅममध्ये गळती आहे. कार्ब्युरेटरच्या थ्रॉटलचा दांडा झिजून हलत असेल तर तिथूनही हवा जाते, आणि तो दोष जुळवणीने जात नाही; बुश बसवून घ्यावे लागते किंवा कार्ब्युरेटर बदलावा लागतो. टॅपेट (वॉल्व्हला दाबून उघडणारे भाग) घट्ट असतील तर वॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. सीएनजीवर चाललेल्या गाड्यांत वॉल्व्हच्या सीट झिजून असे होण्याचे प्रमाण अधिक असते, म्हणून टॅपेटची गॅप कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवून मग कॉम्प्रेशन मोजावे. एका सिलिंडरचे कॉम्प्रेशन बाकीच्यांपेक्षा बरेच कमी असेल तर पुढचा सगळा खर्च हेड उतरवण्यासाठी राखून ठेवणे शहाणपणाचे.

जुन्या एमपीएफआय गाड्या

यांत फिरवायला स्क्रू नसतो, त्यामुळे दोष झाकता येत नाही, हे एका अर्थी बरेच आहे. सर्वांत जास्त आढळणारे कारण आपल्याकडच्या एका जुन्या सवयीतून येते. गाडी एकदा तापली की थर्मोस्टॅट वॉल्व्ह काढून फेकून देण्याचा सल्ला कितीतरी गॅरेजांत दिला जातो. मग इंजिन कधीच पूर्ण तापमानाला येत नाही, ईसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) गाडी थंडच आहे असे वाटते आणि तो जादा पेट्रोल सोडत राहतो. तापमानाचा काटा हमरस्त्यावर खाली सरकत असेल तर आधी थर्मोस्टॅट बसवावा. तापमानाच्या सेन्सरची पाळी त्यानंतरची. जुन्या रचनेत इंधन रेलवर प्रेशर रेग्युलेटर असतो. त्याची बारीक व्हॅक्यूम नळी काढून तिच्या टोकाला बोट लावावे. बोट पेट्रोलने ओले झाले तर आतला डायफ्रॅम फाटला आहे आणि पेट्रोल थेट मॅनिफोल्डमध्ये जाते आहे. ऑक्सिजन सेन्सर म्हातारा झाला की त्याचा संकेत मंद होतो. स्कॅनरवर किंवा मल्टिमीटरवर त्याचा व्होल्टेज साधारण ०.१ ते ०.९ च्या दरम्यान भराभर वरखाली होताना दिसायला हवा, एका जागी रेंगाळता कामा नये.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवर धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) सर्वांत शेवटी. तो स्वतःहून क्वचितच मरतो. रिच मिश्रण, मिसिंग किंवा जळणारे ऑइल त्याला मारते. मूळ दोष ठेवून नवा बसवला तर तोही त्याच वाटेने जातो, आणि तो स्वस्त नसतो. बऱ्याच जुन्या गाड्यांत तो आतून पोकळ केलेला आढळतो, कारण आतल्या प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियममुळे भंगारात त्याला चांगली किंमत येते. गाडी गार असताना रबरी हातोडीने हलके ठोकून पाहावे: आत खडखडाट झाला तर जाळी फुटली आहे, रिकाम्या डब्यासारखा आवाज आला तर आत काही उरलेलेच नाही. ०.५ टक्क्यांची मर्यादा असलेली गाडी कन्व्हर्टरशिवाय काठावरच राहते.

जुळवणी आणि चाचणीचा दिवस

दोष निघाल्यानंतरच कार्ब्युरेटरचा स्क्रू हाती घ्यावा. इंजिन पूर्ण तापलेले, चोक उघडा, हेडलाइट आणि एसी बंद, रेडिएटरचा पंखा थांबलेला असताना आधी आयडलिंगच्या फेऱ्या पुस्तिकेप्रमाणे लावाव्यात. मग मिक्स्चर स्क्रू हळूहळू फिरवत फेऱ्या सर्वाधिक होतात ती जागा शोधावी, आणि तिथून फेऱ्या किंचित उतरेपर्यंत स्क्रू आत घ्यावा. फेऱ्या पुन्हा लावून हेच एकदा आणखी करावे. गर्दी नसेल तेव्हा केंद्रावर यंत्राची नळी लावलेली असतानाच हे करू देण्याची विनंती केली तर अनेक केंद्रचालक ऐकतात. स्क्रू तळाला टेकवताना जोर लावू नये. टोकाला कडे पडले की तो कायमचा वाया जातो.

चाचणीला जाताना गाडी पंधरा-वीस किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर पळवून न्यावी. कन्व्हर्टर साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे काम करू लागतो, आणि रांगेत आयडलिंगवर उभे राहिले की तो पुन्हा गार पडतो व प्लगही काळे होऊ लागतात. नंबर येण्याआधी दोन-तीन मिनिटे अडीच हजार फेऱ्यांवर इंजिन धरले तर हा फरक भरून निघतो. टाकीत ओतायच्या बाटल्यांबद्दल बरेच विचारले जाते. इंजेक्टरवर हलका थर असेल तर त्यांचा थोडा उपयोग होतो. फाटलेला डायफ्रॅम किंवा झिजलेली सुई बाटलीने बरी होत नाही. गाडी न नेता दाखला मिळवून देणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नये, कारण रस्त्यावर प्रत्यक्ष तपासणी झालीच तर गाडीचा धूर मोजला जातो, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

डिझेल गाडीचे गणित निराळे आहे. तिथे धुराची घनता मोजतात आणि स्टेज ४ च्या आधीच्या गाड्यांना प्रतिमीटर २.४५ ही मर्यादा आहे. त्या चाचणीत ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून इंजिन कमाल फेऱ्यांना नेतात, म्हणून जुन्या गाडीचा टायमिंग बेल्ट कधी बदलला होता हे ठाऊक नसेल तर आधी बेल्ट पाहावा, मगच केंद्रावर जावे. बाकी एअर फिल्टर, इंजेक्टर आणि पंपाचे टायमिंग हीच तिथली नेहमीची ठिकाणे.

काम झाल्यावर पाचशेएक किलोमीटर गाडी चालवून, शक्यतो त्याच केंद्रावर आणि मुदत संपण्याच्या पंधरा दिवस आधी, पुन्हा एकदा आकडे घ्यावेत. जुन्या आणि नव्या पावत्या नोंदणी पुस्तकासोबत ठेवाव्यात. कार्बन मोनॉक्साइड दर खेपेला थोडा थोडा चढत असेल तर फ्लोटची सुई आणि एअर फिल्टर, आणि हायड्रोकार्बन तसा चढत असेल तर प्लग, वायरी व टॅपेट, इतके पाहून घेण्यासाठी पंधरा दिवस पुरतात.